ग्राफिक्स ड्रायव्हर : मुक्त प्रणालीवरील खेळांचा दुभाषी

संगणकावरील खेळ म्हटले की पालकांच्या आणि प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. वेळेचा अपव्यय, डोळ्यांना ताण, अभ्यासाकडे दुर्लक्ष ही तक्रार खोटी नाही आणि तिचे खंडन करणे हा या लेखाचा हेतूही नाही. परंतु खेळ खेळणे वेगळे आणि तो यंत्रावर कसा चालतो हे समजून घेणे वेगळे. या दुसऱ्या वाटेने गेल्यास संगणकशास्त्राचे बहुतेक मोठे विषय एकाच ठिकाणी भेटतात. ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, स्मृतीचे व्यवस्थापन हे तर तेथे आहेतच. शिवाय मालकी, व्यापार आणि कायदा यांचेही प्रश्न तेथे उभे राहतात. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर खेळ नीट का चालत नसत, आणि आता ते बऱ्याच अंशी का चालू लागले, हा इतिहास म्हणूनच मला अभ्यासनीय वाटतो. या इतिहासाचा नायक ग्राफिक्स ड्रायव्हर हा आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली इतरांना देता येते असे सॉफ्टवेअर. 'फुकट' हा त्याचा गौण गुण होय. मुख्य गुण म्हणजे दुरुस्तीचा हक्क. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे विवेचन सोपे जाईल.

दुभाषी कशासाठी?

आपल्या सीमाभागात दुभाष्याचे काम काय असते हे कोणाला सांगायला नको. अर्जदार मराठीत बोलतो, कारकून कन्नडमध्ये लिहून घेतो, आणि मध्ये बसलेला एखादा गृहस्थ दोन्ही बाजू सांभाळतो. दुभाषी चांगला असेल तर काम झटपट होते. तो अडाणी असेल तर अर्थाचा अनर्थ होतो. तो दोहोंपैकी एकाच पक्षाच्या नोकरीत असेल, तर दुसऱ्या पक्षाला त्याच्या शब्दावर विसंबून राहण्याखेरीज गत्यंतर नसते.

ड्रायव्हर हा असाच दुभाषी आहे. एका बाजूला खेळाची आज्ञावली असते. "येथे एक त्रिकोण काढ, त्यावर विटांचे चित्र चिकटव, उजवीकडून प्रकाश टाक," अशा भाषेत ती बोलते. दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड असते. त्याला केवळ स्वतःच्या रजिस्टरांत लिहिलेले आकडे आणि स्वतःच्या यंत्रभाषेतील सूचना कळतात. प्रत्येक कंपनीच्या कार्डाची यंत्रभाषा निराळी असते. एवढेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही ती बदलते. ही भाषा सांगणारा कोश ज्याच्याजवळ असेल तोच ड्रायव्हर लिहू शकतो. हा कोश कंपनीने गुप्त ठेवावा की प्रसिद्ध करावा, याच प्रश्नाभोवती गेली पंचवीस-तीस वर्षे हा सारा वाद फिरत आला आहे.

काम किती मोठे आहे?

दुभाष्यावर भार किती पडतो याचा हिशेब करून पाहू. आज सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या पडद्यावर आडव्या दिशेने १९२० व उभ्या दिशेने १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. खेळातील हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढावयाची असतील, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. एका चित्रासाठी मिळणारा वेळ सुमारे १६.७ मिलिसेकंद. तेवढ्या अवधीत प्रकाश, सावली, धूर, पाणी हे सारे हिशेबात घ्यावयाचे.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हे काम एकट्याने करू शकत नाही. ग्राफिक्स कार्डात शेकडो, हजारो छोटे गणक एकाच वेळी काम करीत असतात, म्हणून त्याला ते जमते. मात्र या हजारो गणकांना वेळच्या वेळी काम पुरविणे, स्मृतीतील जागा वाटून देणे आणि एक आज्ञावली दुसरीच्या जागेत शिरणार नाही हे पाहणे, ही जबाबदारी ड्रायव्हरची.

लिनक्सवर या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. खालचा भाग कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात राहतो. कार्डाची स्मृती वाटणे, कामांची रांग लावणे आणि पडद्याची मापे ठरविणे ही त्याची कामे. वरचा भाग कर्नलच्या बाहेर, सामान्य आज्ञावलीप्रमाणे चालतो. ओपनजीएल किंवा वल्कन या सर्वमान्य पद्धतींनी खेळाने मागितलेले काम तो कार्डाच्या भाषेत उतरवितो. खेळाबरोबर 'शेडर' नावाच्या छोट्या छोट्या आज्ञावल्या येतात. ठिपक्याचा रंग कसा काढावा हे त्यांत लिहिलेले असते. त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर याच वरच्या भागात असतो. लिनक्सवरील मुक्त ड्रायव्हरांचे हे वरचे भाग 'मेसा' नावाच्या एकाच प्रकल्पात एकत्र नांदतात. सर्वांत खाली, खुद्द कार्डामध्ये, 'फर्मवेअर' नावाची आणखी एक आज्ञावली चालते. पुढे तिचे महत्त्व दिसून येईल.

आरंभीचा काळ

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे मूळच एका ड्रायव्हरच्या तंट्यात आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले असेल त्यांना संदेश जात असे. नव्या प्रिंटरसाठीही तीच सोय करावी, तर त्याची मूळ आज्ञावली मिळेना. या अनुभवाचा स्टॉलमन यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला आणि १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला.

चित्रांच्या बाबतीत पहिले मोठे पाऊल ब्रायन पॉल यांचे. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९२ साली ओपनजीएल ही त्रिमित चित्रांची पद्धत जाहीर केली होती. पॉल यांनी १९९३ मध्ये फावल्या वेळात तिच्यासारखी एक मुक्त आज्ञावली लिहावयास घेतली. ती १९९५ साली लोकांपुढे आली. हीच मेसा. सुरुवातीस ती सारी चित्रे मुख्य प्रोसेसरवरच काढीत असे. त्यामुळे शिकण्यास ती उत्तम, पण खेळण्यास संथ होती. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'वूडू' कार्ड बाजारात आले. त्याच्या साहाय्याने मेसाही वेग पकडू लागली. आयडी सॉफ्टवेअरच्या 'डूम' या खेळाची लिनक्स आवृत्ती १९९४ मध्येच निघालेली होती आणि 'क्वेक'ही तेथे पोहोचला होता. मुक्त प्रणाली व खेळ यांचे हाडवैर आहे असा जो समज पुढे रूढ झाला, त्याला इतिहासाचा आधार नाही.

२००० साल या कथेत महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी एक्सफ्री८६ या चित्रप्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत, कार्डाशी थेट व सुरक्षितपणे काम करण्याची रचना आली. त्याच वर्षी एनव्हिडिया कंपनीने लिनक्ससाठी स्वतःचा ड्रायव्हर दिला. हा ड्रायव्हर वेगवान होता, पण त्याची मूळ आज्ञावली बंद होती. कर्नलशी सांधा जोडणारा पातळसा थर तेवढा वाचता येई; आतला सारा ऐवज यंत्रभाषेत. येथून दोन वाटा फुटल्या.

बंद पेटीचे गुणदोष

बंद ड्रायव्हरवर नुसती टीका करून चालणार नाही. त्या काळी लिनक्सवर त्रिमित चित्रे खऱ्या वेगाने पाहावयाची असतील, तर हाच भरवशाचा मार्ग होता. चित्रपटांच्या करामती करणारे आणि अभियांत्रिकी आराखडे काढणारे व्यावसायिक त्यावरच विसंबून होते. कार्ड ज्याने बनविले त्याचेच अभियंते ड्रायव्हर लिहीत असल्याने नव्या कार्डाला पहिल्या दिवसापासून पाठबळ मिळे.

अडचण दुसरीकडे होती. लिनक्स कर्नलच्या अंतर्गत रचनेत सतत फेरबदल होत असतात, आणि ती कायम स्थिर ठेवण्याचे वचन कर्नलचे कर्ते बुद्धिपुरस्सर देत नाहीत. त्यांची भूमिका अशी की, ड्रायव्हरची मूळ आज्ञावली कर्नलमध्येच ठेवा. मग रचना बदलणारा माणूसच तुमचाही ड्रायव्हर दुरुस्त करून देईल. जो ड्रायव्हर बाहेर राहतो, त्याला प्रत्येक बदलामागे धावावे लागते. त्यामुळे कर्नल नवा घ्यावा तर पडदा काळा, आणि पडदा राखावा तर कर्नल जुना, असा पेच अनेकांना पडत असे. शिवाय कर्नलमध्ये बंद भाग शिरला की बिघाडाचे मूळ शोधणे अशक्यप्राय होते. म्हणूनच असा कर्नल स्वतःवर 'कलंकित' अशी खूण करून ठेवतो. ती खूण दिसली की कर्नलचे कार्यकर्ते सहसा त्या तक्रारीत वेळ घालवीत नाहीत. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील एका कार्यक्रमात टॉरव्हाल्ड्स यांनी एनव्हिडियाला उद्देशून जाहीरपणे अपशब्द वापरले. त्यामागे हा बारा वर्षांचा साठलेला वैताग होता.

दरम्यान काही जिद्दी मंडळींनी कोशावाचून भाषा शिकण्याचा उद्योग आरंभला. 'नूव्हो' नावाचा हा प्रकल्प २००५-०६ च्या सुमारास सुरू झाला. नूव्हो हा फ्रेंच शब्द, अर्थ 'नवा'. त्यांची पद्धत शास्त्रीय संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बंद ड्रायव्हर चालू ठेवून तो कार्डाच्या कोणत्या रजिस्टरात कोणता आकडा लिहितो याची नोंद करावयाची. मग चित्रात एकच लहानसा बदल करावयाचा, उदाहरणार्थ रंग तांबड्याऐवजी निळा. पुन्हा नोंद घ्यावयाची आणि दोन नोंदींतील फरकावरून त्या रजिस्टराचे काम काय असेल याचा तर्क करावयाचा. तो तर्क स्वतःची आज्ञावली लिहून कार्डावर पडताळून पाहावयाचा. अज्ञात लिपी वाचणाऱ्या पुरालेखतज्ज्ञाचे काम थोड्याफार फरकाने हेच असते. २०१० साली नूव्हो कर्नलमध्ये दाखल झाला.

परंतु २०१४ साली त्यांच्या मार्गात भिंत उभी राहिली. एनव्हिडियाची जीटीएक्स ९०० मालिका आली. तिच्यातील कार्डे कंपनीची सांकेतिक सही असल्याशिवाय महत्त्वाचे फर्मवेअर स्वीकारीत नसत. कंपनीने पुढे काही सही केलेले फर्मवेअर उपलब्ध करून दिले, तथापि कार्डाच्या घड्याळाची गती वाढविण्यास लागणारा भाग त्यात नव्हता. परिणाम असा की, नूव्होवर ही कार्डे संगणक सुरू होताना जी मंद गती असते तिच्यातच अडकून पडत. भाषा अवगत झाली, व्याकरण जमले, आणि तरीही दुभाष्याला कुजबुजण्यापलीकडे आवाज काढण्याची परवानगी नाही, अशी ही अवस्था होती.

उघडे दप्तर

दुसरी वाट इंटेल व एएमडी यांची. इंटेलने २००६ पासून आपल्या अंगभूत ग्राफिक्ससाठी मुक्त ड्रायव्हरांचे धोरण ठेवले. एएमडीने २००६ साली एटीआय ही ग्राफिक्स कार्डांची कंपनी विकत घेतली आणि २००७ च्या सप्टेंबरात कार्डांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्याचे व मुक्त ड्रायव्हरला साहाय्य करण्याचे धोरण जाहीर केले. कोश बाहेर आला. लगेच चमत्कार घडला असे मात्र नाही. कित्येक वर्षे एएमडीचा मुक्त ड्रायव्हर संथ होता आणि वेग हवा असेल त्याला त्यांचाच बंद ड्रायव्हर घ्यावा लागे. २०१५ साली 'एएमडीजीपीयू' हा नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला आणि हळूहळू पारडे फिरले. मोकळेपणाचे फळ मिळण्यास आठ-दहा वर्षे लागतात, हा या वाटेचा धडा आहे.

खेळ आले कसे?

खेळ बनविणाऱ्या कंपन्या विंडोजसाठी लिहीत असत आणि विंडोजची त्रिमित चित्रांची पद्धत म्हणजे डायरेक्टथ्रीडी. विंडोजच्या आज्ञावल्या लिनक्सवर चालविण्याचा 'वाइन' हा प्रकल्प १९९३ पासून चालू होता. त्याची १.० ही आवृत्ती पंधरा वर्षांनी, २००८ मध्ये निघाली! खेळांच्या बाबतीत मात्र वाइनची मजल मर्यादित होती.

२०१२ मध्ये वॉल्व्ह या कंपनीने लिनक्सकडे लक्ष वळविले. 'लेफ्ट फॉर डेड २' हा खेळ त्यांनी लिनक्सवर आणला तेव्हा पहिल्या प्रयत्नात सेकंदाला ६ चित्रे निघाली. खेळ आणि ड्रायव्हर या दोहोंवर काम केल्यानंतर तो आकडा ३१५ वर गेला. त्याच यंत्रावर विंडोजमध्ये २७०.६ चित्रे मिळत होती. हिशेब मांडला तर एका चित्रामागचा वेळ ३.७० मिलिसेकंदांवरून सुमारे ३.१७ वर आला, म्हणजे अर्धा मिलिसेकंद वाचला. त्या यंत्रातील कार्ड एनव्हिडियाचे व ड्रायव्हर बंदच होता, हेही सांगितले पाहिजे. लिनक्स मुळात संथ आहे हा समज या प्रयोगाने खोडून काढला. दुभाष्याची तयारी नव्हती, एवढेच काय ते न्यून. वॉल्व्हने इंटेलच्या मुक्त ड्रायव्हरच्या कर्त्यांबरोबरही एकत्र बसून काम केले. तेथे खेळ आणि ड्रायव्हर या दोन्हींच्या मूळ आज्ञावल्या टेबलावर होत्या. दोष कोणत्या ओळीत आहे ते थेट पाहता आले.

२०१३ च्या फेब्रुवारीत स्टीम हे त्यांचे खेळांचे दुकान लिनक्सवर अधिकृतपणे उघडले. २०१५ साली 'स्टीम मशीन' नावाची यंत्रे आली. ती मात्र पडली, कारण त्यांवर चालणारे खेळच थोडे होते.

यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे २०१६ च्या फेब्रुवारीत आलेली 'वल्कन' ही नवी पद्धत. ओपनजीएलमध्ये ड्रायव्हरला पुष्कळ गोष्टी पाठीमागून स्वतःच ताडाव्या लागत, आणि ही ताडण्याची कला ज्या कंपनीजवळ माणसे अधिक तिलाच साधे. वल्कनमध्ये खेळ स्वतःच सारे स्पष्ट सांगतो, त्यामुळे ड्रायव्हर सुटसुटीत झाला. छोट्या गटाला चांगला ड्रायव्हर लिहिणे शक्य झाले. त्याच वर्षी डेव्ह एअरली व बास न्यूवेनहाउझेन यांनी एएमडीच्या कार्डांसाठी 'आरएडीव्ही' हा वल्कन ड्रायव्हर मेसामध्ये सुरू केला. खुद्द एएमडीचा स्वतंत्र वल्कन ड्रायव्हर असतानाही खेळणाऱ्यांनी आरएडीव्हीलाच पसंती दिली. अखेर २०२५ मध्ये एएमडीने आपला तो मुक्त ड्रायव्हर बंद करून आरएडीव्हीला पाठबळ देण्याचे ठरविले.

दुसरी गोष्ट म्हणजे 'डीएक्सव्हीके'. फिलिप रेबोले यांना 'नीअर ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता. त्यासाठी डायरेक्टथ्रीडी ११ च्या मागण्यांचे वल्कनमध्ये भाषांतर करणारी आज्ञावली त्यांनी लिहिली. वाइन व डीएक्सव्हीके यांची सांगड घालून वॉल्व्हने २०१८ च्या ऑगस्टमध्ये 'प्रोटॉन' प्रसिद्ध केले. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यामुळे लिनक्सवर चालू लागले. आता दोन दुभाषी एकामागे एक बसले: पहिला डायरेक्टथ्रीडीचे वल्कन करतो, दुसरा वल्कनची यंत्रभाषा. एवढे होऊनही वेग टिकतो, कारण वल्कनचा थर पातळ आहे. शेडरांचे रूपांतर होताना खेळ अडखळू नये म्हणून वॉल्व्हने 'एसीओ' हा नवा कंपायलर लिहवून घेतला. २०२० पासून तो आरएडीव्हीत मुख्य कंपायलर म्हणून वापरात आला. २०२२ च्या फेब्रुवारीत 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आले. त्यात एएमडीची चिप, लिनक्स आणि आरएडीव्ही आहेत. ज्या खेळाडूने आयुष्यात लिनक्स हा शब्द ऐकलेला नाही, तोही आज या यंत्रावर नकळत लिनक्स वापरीत असतो.

उशिरा उघडलेले दार

एनव्हिडियानेही २०२२ च्या मे महिन्यात आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. २०१८ साली आलेल्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांना तो लागू आहे. या कार्डांत एक वेगळा छोटा प्रोसेसर असून पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळसे काम त्याच्या फर्मवेअरमध्ये हलविले आहे. ते फर्मवेअर बंदच आहे. ड्रायव्हरचा वरचा भागही बंदच. म्हणून 'सारे खुले झाले' असे म्हणता येणार नाही. तरी एक लाभ नक्की झाला: घड्याळाची गती वाढविण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ६.७ कर्नलपासून नूव्होला त्याचा उपयोग करता येऊ लागला. मेसामध्ये 'एनव्हीके' हा एनव्हिडियासाठीचा मुक्त वल्कन ड्रायव्हर उभा राहिला. 'नोव्हा' नावाच्या, रस्ट भाषेतील नव्या कर्नल-ड्रायव्हरचा पाया २०२५ मध्ये घातला गेला.

आता मधल्या पिढीची स्थिती पाहा. २०१४ ते २०१८ या काळात विकली गेलेली जीटीएक्स ९०० व १००० मालिकेतील कार्डे नव्या सोयीत बसत नाहीत. नूव्होवर ती मंदच राहतात. आणि ड्रायव्हरची ५८० ही शाखा या कार्डांना पाठबळ देणारी शेवटची, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी काही काळ मिळतील. पुढे काय, याचे उत्तर कार्डाच्या मालकाच्या हाती नाही. याच्या उलट उदाहरण एएमडीचे. २०१२ च्या सुमारास आलेल्या रेडिऑन एचडी ७००० मालिकेला विंडोजवरील नियमित पाठबळ कंपनीने २०२१ मध्ये थांबविले. लिनक्सवर मात्र या मालिकेच्या नव्या रचनेच्या कार्डांना आरएडीव्हीमधून वल्कन मिळते, कारण कोश उघडा आहे आणि ज्याला गरज आहे तो काम पुढे नेऊ शकतो. दोन्ही कार्डांतले सिलिकॉन सारखेच टिकाऊ. आयुष्य ठरले ते ड्रायव्हरच्या परवान्यावर.

अजून काय अडते?

चित्राचा प्रश्न बराच सुटला असला तरी सर्व काही आलबेल नाही. अनेकांनी एकत्र खेळण्याच्या खेळांत फसवणूक रोखणारी आज्ञावली असते. तिच्यातील काही विंडोजच्या कर्नलमध्ये घुसून पहारा करतात. 'व्हॅलोरंट'सारखे खेळ त्यामुळे लिनक्सवर चालत नाहीत, आणि 'एपेक्स लेजंड्स'ने २०२४ मध्ये लिनक्सवरून येणाऱ्यांना दार बंद केले. येथे ड्रायव्हर निर्दोष आहे; प्रश्न खेळाच्या मालकाने कोणावर विश्वास ठेवावा हा आहे. दुसरी अडचण मानकांची. एचडीएमआय २.१ या जोडणीसाठी एएमडीने मुक्त ड्रायव्हर तयार केला होता, पण मानक सांभाळणाऱ्या संस्थेने तो प्रसिद्ध करण्यास संमती नाकारली, हे २०२४ च्या फेब्रुवारीत उघड झाले. म्हणजे कार्डाचा कोश उघडा झाला तरी पडद्याला जोडणाऱ्या तारेचा कोश बंद राहू शकतो.

आपल्या दृष्टीने महत्त्व

हे सारे हेलसिंकीत किंवा अमेरिकेत घडले, त्याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण सुस्थितीत असलेले संगणक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि विद्यार्थ्यांच्या घरी पुष्कळ आहेत. ते भंगारात जाणार की लिनक्सवर आणखी काही वर्षे चालणार, हे बऱ्याच अंशी त्यांतील ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर ठरते. जुने यंत्र विकत घेताना स्मृती किती व डिस्क केवढी हे आपण विचारतो. त्याचबरोबर "याच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का?" हाही प्रश्न विचारावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो. लिनक्स चालू असलेल्या यंत्रावर 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कार्ड कोणते व त्याला कोणता ड्रायव्हर जोडला आहे हे मिनिटभरात कळते.

दुसरे महत्त्व शिक्षणाचे. आपली मुले पदवीनंतर पुण्याला नाहीतर बंगळूरला जातात. एनव्हिडियाची केंद्रे या दोन्ही शहरांत आहेत. एएमडीचे बंगळूर व हैदराबाद येथे. तेथे ज्या विद्येला मोल आहे ती शिकण्याचे एक मोठे पुस्तक मेसाच्या रूपाने विनामूल्य उघडे पडले आहे. कंपायलर शिकविताना आपण फळ्यावर लहानशी उदाहरणे घेतो. एसीओच्या आज्ञावलीत तीच तत्त्वे खऱ्या यंत्रासाठी वापरलेली दिसतात: रजिस्टरांचे वाटप, सूचनांचा क्रम, निरुपयोगी ओळी गाळणे. सी भाषा येणाऱ्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने एक जुने कार्ड घ्यावे, एखादा खेळ चालवून पाहावा, चुकीचे चित्र दिसले तर त्याची नीट नोंद करून ती कर्त्यांकडे पाठवावी. कोणत्या कर्नलवर, कोणत्या मेसावर, कोणत्या क्षणी दोष दिसला, आधीच्या आवृत्तीत तो होता की नव्हता, एवढे लिहिणे हीसुद्धा चांगली प्रयोगवही आहे. नूव्होची सुरुवात याहून फार मोठ्या सामग्रीवर झालेली नव्हती.

माझे मत असे की, कंपनीने आपले सारे गुपित उघडावे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. कार्डाची रचना हा तिचा धंदा आहे. पण ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या यंत्राशी बोलण्याची भाषा त्याच्यापासून लपवू नये, आणि पाठबळ थांबविताना तरी कोश व सह्यांची किल्ली खुली करावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे. एएमडी व इंटेल यांचा धंदा कोश उघडल्याने बुडालेला नाही. उलट, स्टीम डेकसारखे यंत्र ज्या ड्रायव्हरवर उभे राहिले, तो बाहेरच्या माणसांनी लिहावयास घेतलेला होता. खरेदी करणाऱ्यांनी, विशेषतः एका वेळी पन्नास-पन्नास यंत्रे घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी, हा प्रश्न निविदेतच विचारला, तर तो विक्रेत्यांना आणि त्यांच्यामागच्या कंपन्यांना ऐकून घ्यावाच लागेल. आपल्या महाविद्यालयाच्या पुढच्या खरेदीपासून त्याची सुरुवात करता येईल.